जानेवारीतला पंखा

आमच्या भिलाईत थंडी अंगाच्या आधी कानाला कळते. वर्षातले आठ महिने डोक्यावर पंखा गरगरत असतो, खिडकीत कूलर धडधडत असतो, आणि त्या आवाजातच आपण जेवतो, भांडतो, झोपतो. मग दिवाळी उलटते आणि एखाद्या संध्याकाळी घरातलं कोणीतरी म्हणतं, "बंद कर ना तो पंखा, गार लागून राहिलं." बटण खाली जातं, पाती रेंगाळत थांबतात, आणि बापा, घरात केवढी शांतता पसरते! शेजारणीच्या कुकरची शिट्टी आपल्याच ओट्यावर वाजल्यासारखी दचकवते. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय असं आपण धरून चाललेलो असतो, ते तर ठणठणीत चालू असतं.

गेल्या आठवड्यात रिसालीच्या आमच्या घरात असाच पंखा थांबला. आमच्या ह्यांनी कान टवकारले आणि म्हणाले, "नळ टपकून राहिला वाटते." मी म्हटलं, "तो जूनपासून टपकून राहिला. तुम्हाले आज ऐकू आला." ते प्लंबरला फोन लावायला उठले आणि मी कपाटावरचा पत्र्याचा डबा उतरवला. त्यात माझे मेणाचे रंग असतात, म्हणजे पोरं ज्यांना क्रेयॉन म्हणतात ते. अर्धे, पाव, कागद सोललेले, एकमेकांचा रंग लागलेले. थंडी आली की आमच्या शाळेत विंटर वीक येतो, आणि विंटर वीक आला की कुंदा मॅडमचा हा डबा निघतो. कुंदा मॅडम म्हणजे मी. खुर्सीपारच्या एका लहानशा शाळेत के.जी.ला शिकवते, आणि इतकी वर्षं शिकवते आहे की माझ्या हाताखालून गेलेल्या पोरी आता त्यांची पोरं माझ्या हातात देऊन जातात.

विंटर वीकमधलं मुख्य काम रंगवण्याचं. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, थंडीची चित्रं छापून आणतात. ती कुठून येतात देव जाणे. त्यात बर्फाचा माणूस असतोच: खाली मोठा गोळा, वर लहान गोळा आणि गाजराचं नाक. आता खुर्सीपारच्या पोरांनी बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, तोही मे महिन्यात. पहिल्या वर्षी मी वर्गाला विचारलं, "ये क्या है?" तर सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "मुर्रा लाडू!" मुर्रा म्हणजे मुरमुरे. थंडीत इथे घरोघरी गुळाच्या पाकात मुर्ऱ्याचे लाडू वळतात, आणि हा गृहस्थ म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन लाडूच की! पोरांनी तो गुळाच्या रंगानं रंगवून टाकला. मी कशाला अडवू? गाजराचं नाक तेवढं लाल केलं, कारण आमच्याकडे थंडीतलं गाजर लालच येतं. तेव्हापासून आमच्या वर्गात बर्फाचा माणूस तपकिरी असतो आणि मोठ्या मॅडमनाही आता त्याची सवय झाली आहे.

बाकीची चित्रं मी हातानं काढते. दोरीवर वाळणारे स्वेटर. जामाचं झाड. आमच्या घरी पेरूला जाम म्हणतात, वर्गातली छत्तीसगढी पोरं त्यालाच बिही म्हणतात, आणि रंगवायच्या वेळी दोन्ही पक्ष हिरवाच रंग मागतात. मग शेकोटी. तिला इथे भुर्री म्हणतात. सकाळी शाळेत येताना रस्त्याच्या कडेला जागोजागी भुर्री पेटलेली असते, भोवती मफलर गुंडाळलेली माणसं उकिडवी बसलेली असतात, आणि माझी पोरं आईचा हात सोडून तिथे दोन मिनिटं हात शेकून येतात. त्यांच्या स्वेटरला दिवसभर धुराचा वास येतो. मला तो वास फार आवडतो. माझ्यासाठी थंडी म्हणजे तोच वास.

आता थोडी आमच्या कामातली गोष्ट सांगते. थंडीत मेणाचे रंग कडक होतात. उन्हाळ्यात लोण्यासारखा उतरणारा लाल डिसेंबरात कागदावर नुसता घसरतो. नव्या शिक्षिकांना हे कळत नाही, त्या पोरांवर चिडतात. मी रंग आधी ताटात काढून व्हरांड्यातल्या उन्हात ठेवते. ऊन नसेल तर पोरांना म्हणते, मुठीत धरा, फुंकर मारा, काखेत धरा. सगळा वर्ग काखेत रंग धरून गंभीर चेहऱ्यानं बसलेला असतो, एखाद्याचा ताप मोजत असल्यासारखा.

आणि दुसरी गोष्ट. रंगवणं हे शांत काम आहे असा मोठ्या माणसांचा समज असतो. पोरं गप्प बसावीत म्हणून त्यांच्या हातात रंग देतात. साफ चूक! नीट रंगवणाऱ्या पोराचा आवाज होतो. खरखर, खरखर. बाक हलतो, जीभ बाहेर येते, नाकातून फुसफुस चालू असते, मध्येच रंग कडकन मोडतो. मी डोळे मिटून सांगू शकते वर्गात काम चाललंय की टंगळमंगळ. लहान पोरांचे हात मला कळतात. ही बढाई नाही. म्हणजे थोडी आहे, पण खरी आहे.

मी ज्या थंडीबद्दल बोलते आहे ती काही वर्षांपूर्वीची. त्या वर्षी माझ्या वर्गात संघमित्रा होती. पोरगी एवढीशी आणि नाव तिच्याहून लांब, म्हणून सगळे तिला मित्रा म्हणत. तिचं घर मूळचं गोंदियाकडचं, बौद्ध, खुर्सीपारात एका खोलीत राहणारं. वडील हथखोजच्या एका कारखान्यात ठेक्यावर, आई घरी साड्यांना फॉल लावायची. मित्राचं सगळं उत्तम होतं. अक्षरं ओळखायची, आकडे म्हणायची, डबा सांडायची नाही. आवाज मात्र पहिल्या बाकाच्या पुढे जायचा नाही. तेही चाललं असतं, काही पोरं असतात तशी. पण तिचं चित्र हातात घ्यावं तर कागद कोराच वाटायचा. खिडकीशी नेऊन तिरका धरला की मग दिसायचं, हो, इथे पिवळा आहे, इथे हिरवा आहे. एकही रेघ बाहेर गेलेली नाही, एकही जागा सुटलेली नाही, आणि रंग मात्र पाण्याचा हात फिरवल्यासारखा.

"कुंदा, ये देखो," मोठ्या मॅडम म्हणाल्या. मोठ्या मॅडम केरळच्या, पण जन्म भिलाईचा. त्यांचे वडील इथला पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा आले. बाई कडक, पण न्यायाची. "इसमें कलर कहाँ है? हाथ में ताकत ही नहीं है. ये पहली में लिखेगी कैसे?" त्यांचं म्हणणं असं की मित्राला आणखी एक वर्ष के.जी.तच ठेवावं. विंटर वीकची चित्रं पहिलीच्या शिक्षिकेला दाखवायची आणि मग ठरवायचं.

मोठ्यांच्या दृष्टीनं एक वर्ष म्हणजे काय, किरकोळ गोष्ट. पण हे कानावर येताच मित्राची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "नापास केलं का जी माह्या पोरीले? के.जी.त पण नापास करतात?" आणि तिच्या पदराला धरून मित्रा ऐकत होती. तिची जिवलग मैत्रीण खुशबू वर जाणार, ही मागे राहणार, आणि घरातलं पहिलं इंग्रजी शाळेत गेलेलं लेकरू पहिलीच्या दारातच अडणार. मी म्हटलं, "कोणी नापास करून नाही राहिलं. मी हाव ना." बोलून गेले. माझं असंच आहे, आधी शब्द देते आणि मग वाट शोधते. पण शब्द खाली पडू दिला नाही कधी.

आधी मी तिला उन्हात तापलेले रंग दिले. फरक नाही. मग म्हटलं, हातात ताकद नाही म्हणतात ना, पाहू. फळा पुसायचं फडकं बादलीत बुडवून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "पिळ बरं." पोरीनं ते असं पिळलं की थेंब उरला नाही. वर झटकून, घडी घालून माझ्या हातात दिलं. मी ते फडकं घेऊन तडक ऑफिसात गेले. "लीजिए, हाथ देख लीजिए." मोठ्या मॅडमनी फडकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तो फिर दबाती क्यों नहीं?" तो प्रश्न मी घरी घेऊन गेले, आणि असा प्रश्न अडला की मला रात्रीची भाकर गोड लागत नाही.

"दाबून रंगव ना गं बाई," मी म्हणायची. ती मान हलवायची आणि तसंच, मोराच्या पिसानं पुसल्यासारखं रंगवायची.

मग एक दिवस खुशबूचा स्टीलचा डबा बाकावरून पडला. फरशीवर ठणठणत, गोल फिरत, झाकण एकीकडे, डबा एकीकडे. सगळा वर्ग खिदळला. मित्रा मात्र गोठली. आधी दाराकडे पाहिलं, मग खुशबूकडे वळून ओठांवर बोट ठेवलं. "श्श! पप्पा सोए हैं." शाळेत, भर दिवसा, दहा-पंधरा घरं पलीकडे झोपलेल्या पप्पांसाठी! बाकीची पोरं अजून हसत होती. मी मात्र जागच्या जागी उभी राहिले, कारण ते बोट मी ओळखत होते. माझ्या ओठांवर ते कितीतरी वर्षं होतं.

मी प्लांटच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. माझे बाबा रोलिंग मिलमध्ये होते, शिफ्टची ड्यूटी. नाइटचा आठवडा आला की बाबा सकाळी घरी यायचे, अंघोळ करून, दोन घास खाऊन झोपायचे, आणि घराच्या तोंडाला कुलूप लागायचं. आमच्या गल्लीत एक रीत होती. ज्या घरचा माणूस नाइट करून झोपला असेल, त्या घराच्या फाटकावर टॉवेल टाकायचा. टॉवेल दिसला की भाजीवाला ओरडायचा नाही, सायकलवाला घंटी वाजवायचा नाही, शेजारणी हातवारे करून बोलायच्या. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही. कूलर एवढा गर्जायचा की त्याच्या आडोशानं आम्ही भावंडं रामायण-महाभारत उरकून घ्यायचो. खरी परीक्षा थंडीत. पंखा बंद, कूलर बंद, आवाज झाकायला काहीच नाही. आई खलबत्त्याखाली पोतं घालून मिरच्या कुटायची. मुर्रा चावायची परवानगी नव्हती, तो तोंडात धरून मऊ होऊ द्यायचा. भांडणं चिमट्यांनी व्हायची. माझी धाकटी बहीण तोंड उघडून आवाज न करता रडायची. बघणाऱ्याला वाटावं जांभई देते आहे. आम्ही रडतानासुद्धा बाबांना जपायचो, आणि कोणी जपायला लावलंय असं कधी वाटलं नाही.

पण आमचा आठवडा संपायचा. बाबांची शिफ्ट बदलली की आम्ही अंगणात जाऊन गळा मोकळा करून घ्यायचो. मित्राच्या वडिलांची ड्यूटी कायम रात्रीची होती. तिची शिफ्ट बदलतच नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आईनं दार उघडलं तेच तोंडावर बोट ठेवून. एक खोली. एका कडेला पलंगावर डोक्यावरून ब्लँकेट ओढून वडील झोपलेले. घरात आवाज होता तो एकच, त्यांच्या घोरण्याचा. कोपऱ्यात शिलाई मशीन, त्यावर चादर झाकलेली. आई जमिनीवर बसून हातानं फॉल टाचत होती.

"मशीन नाही चालवत?" मी कुजबुजले.

"हे ड्यूटीवर गेले का चालवतो," तीही कुजबुजली. "उन्हाळ्यात कूलर राहते, तं दिवसाही होते. थंडीत नाही जमत जी. सुई पडली तरी आवाज येते."

आणि मित्रा? मित्रा चार पदरी गोधडीवर कागद ठेवून रंगवत होती. खाली गोधडी, कारण फरशीवर ठेवला तर खरखर होते. आता गोधडीवर कागद ठेवून कोणी दाबून दाखवावं! फाटणारच. म्हणून पोरगी बोटाच्या टोकांत रंग धरून, श्वास रोखून, कागदाला जेमतेम शिवत होती. आणि एकही जागा सोडत नव्हती. मोठ्या मॅडमना हात कमजोर दिसला होता. मला त्या हाताची कमाल दिसली. कोणत्या मोठ्या माणसाला जमेल असं? पण पहिलीत लिहायचं तर असं भागणार नव्हतं, हेही खरं होतं.

घरी जाऊन मी विचार केला. पोरीला शंभरदा "दाब" म्हणून उपयोग नाही. तिच्या हाताला कळलं पाहिजे की आवाज झाकलेला आहे. आणि मग मला हसू आलं, इतकं सोपं होतं ते.

सकाळी धुकं होतं. पोरं टोप्या, मफलर, दोन-दोन स्वेटर घालून गाठोड्यांसारखी बसली होती. मी सगळ्यांना भुर्रीचं चित्र वाटलं, रंग वाटले, कागद हातानं दाबून धरायला सांगितला आणि गेले ती सरळ पंख्याचं बटण दाबलं. पाचावर. आमच्या वर्गाचा पंखा म्हणजे काही साधा गडी नाही. तो खटखटतो, किरकिरतो, मध्येच फटाक करतो, आख्खं छत हलल्यासारखं वाटतं. पोरांनी जी किंकाळी फोडली! आमच्या आयाबाई झाडू घेऊनच धावत आल्या. "मॅडम, लइका मन ला जाड़ लागही!" पोरांना थंडी वाजेल म्हणून त्या कावल्या होत्या, आणि माझी तब्येत बरी आहे ना, असंही त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी म्हटलं, "लागू द्या. थोडा वेळ तुम्हीपण बसा हवा खात."

मित्रा वर बघत होती. पंख्याकडे, मग माझ्याकडे. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. अशा वेळी पाहायचं नसतं, हे इतक्या वर्षांत शिकले आहे. तिनं लाल रंग घेतला. नेहमीसारखाच फिरवला. मग थांबली, कान देऊन ऐकलं. पंखा खटखटत होता. तिनं पुन्हा रंग फिरवला, जरा दाबून. पुन्हा ऐकलं. आणि मग, अवं माय! पोरगी कागदावर ओणवी झाली, जीभ बाहेर आली, बाक हलायला लागला. भुर्रीच्या ज्वाळा लाल, त्यावर केशरी, त्यावर पुन्हा लाल, मेणाचे थर चढले. रंग कडकन मोडला. तिनं दचकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोडू दे. डब्यात भरपूर आहेत." मग तिनं लाकडं काळी केली, शेकणाऱ्या माणसांचे मफलर निळे केले, आणि इतकं दाबून की कागदाच्या मागच्या बाजूला हात लावला तर चित्र बोटांना लागत होतं.

अजूनही मी विंटर वीकच्या पहिल्या दिवशी थोडा वेळ पंखा लावते. नव्या शिक्षिका एकमेकींकडे बघतात. बघू द्या. वर्गात दरवर्षी अशी दोन-चार लेकरं असतातच ज्यांच्या घरी कोणीतरी दिवसा झोपलेलं असतं. ती कोण हे पंखा सांगतो.

त्या दिवशी पंख्याचा आवाज ऐकून मोठ्या मॅडम आल्या. जानेवारीत पंख्याखाली कुडकुडणारा वर्ग पाहून त्यांच्या भुवया टाळूला लागल्या. मी मित्राचा कागद त्यांच्यापुढे धरला, सगळी हकीकत सांगितली आणि म्हटलं, "अब बोलिए." त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला. हसल्याही. पण बाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. म्हणाल्या, "बहुत अच्छा. लेकिन पहली में भी इसके लिए पंखा चलेगा क्या? घर में जब तक यही चलेगा, हाथ यही करेगा. फादर को बुलाओ." आणि ह्यात काही खोटं नव्हतं. पंख्यानं कारण सापडलं होतं, इलाज नाही.

वडील दुसऱ्याच दिवशी आले, ड्यूटी सुटल्यावर थेट. डोळे लाल, हातात डबा, पॅन्टला काजळी. वर्गातली पोरं मी व्हरांड्यात उन्हाला काढली होती. ते लहान पोरांच्या खुर्चीवर अवघडून बसले. "नमस्कार मॅडम!" एवढ्या मोठ्यानं म्हणाले की मोठ्या मॅडम दचकल्या. मी माझं सगळं पाठ करून ठेवलं होतं. बोलायला लागले की मी थांबत नाही. झोप किती महत्त्वाची हे मला माहीत आहे, मीही नाइटवाल्याची पोरगी आहे, पण घरी रोज थोडा वेळ आवाज होऊ द्या, पोरीला फरशीवर, पाटीवर, कशावरही दाबून लिहू द्या, थोडी झोपमोड सोसा, पोरीच्या वर्षाचा प्रश्न आहे.

ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. माझं झाल्यावर त्यांनी दाराकडे पाहिलं, मित्रा लांब आहे ना याची खात्री केली.

"मॅडम, झोपमोड कायची होते? मले ऐकूच कमी येते."

मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

"लोखंड ठोकायच्या हॅमरजवळ उभा राहून राहून कान गेले," ते म्हणाले. स्वतःच्या मते हळू बोलत होते, पण आवाज चांगला मोठा होता. "लय दिवस झाले. आता तुम्ही बोलून राहिल्या, मी तुमचं तोंड पाहून समजून राहिलो. मी झोपलो का डोक्यापाशी ढोल वाजवा, मले फरक नाही पडत."

"अहो, मग घरी सांगतलं कावून नाही?" मी रागावलेच. "ती माउली मशीन झाकून बसते, पोरगी श्वास रोखून रंगवते!"

"पयले भेव वाटे, कामावर समजलं तं बसवतील घरी." ते हातातल्या डब्याचं झाकण फिरवत राहिले. "मंग... मंग बरं वाटे जी. रात्रभर तिथं 'अबे' शिवाय कोणी बोलावत नाही. सकाळी घरी आलो का सारं घर माह्यासाठी दबक्या पावलानं चालते. बायको मशीन बंद ठेवते. पोरगी हळूच येऊन पायावर ब्लँकेट ओढते. राजावानी वाटते. हे सांगतलं असतं, तं ते गेलं असतं."

मोठ्या मॅडमना मराठी कळतं तेवढं कळलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. माणसाला कोणीतरी आपल्याला जपावं असं वाटतं, ह्यात त्याला काय रागवायचं? माझे बाबा आठवले. टॉवेल टाकलेलं फाटक ढकलून आत येताना त्यांचा चेहरा कसा दिसायचा, ते आठवलं. पण बाहेर ती पोरगी होती, आणि मी शब्द दिला होता. मी त्यांच्यासमोर सरकले, त्यांना तोंड नीट दिसेल अशी, आणि म्हटलं, "भाऊ, ब्लँकेट ती तशीही ओढेल. ऐकू येते म्हणून नाही ओढत, बाप आहे म्हणून ओढते."

त्यांनी ते वाचलं. डबा खाली ठेवला, उठले, दारात गेले. "मित्रा! इकडे ये बेटा!" ती आली. ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बेटा, पप्पाले ऐकू येत नाही. कान खराब झाले. तू कितीबी आवाज कर, पप्पा उठत नाही. आता दाबून लिहायचं. हो?"

पोरं रंगवायची थांबली. आयाबाईंचा झाडू थांबला. मित्रानं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा विश्वास बसेना. ती हळूच त्यांच्या पाठीमागे गेली आणि म्हणाली, "पप्पा." नेहमीच्या आवाजात, पहिल्या बाकापुढे न जाणाऱ्या. ते तसेच समोर बघत राहिले. "पप्पा," ती जरा मोठ्यानं म्हणाली. काही नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. मग तिनं दोन्ही मुठी आवळल्या, छाती भरून श्वास घेतला आणि अशी किंचाळली की जामाच्या झाडावरच्या चिमण्या उडाल्या, ऑफिसातला शिपाई बाहेर आला आणि खुशबूनं कानांवर हात घेतले.

"पप्पा!"

ते गर्रकन वळले. "आलं!" म्हणाले. "आलं बेटा, हे आलं ऐकू!" हसत होते आणि डोळे बाहीनं पुसत होते. तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि अगदी कानाशी तोंड नेऊन पुन्हा ओरडली, आणि पुन्हा.

मोठ्या मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुंदा, पहली की टीचर को बोल देना, ये लड़की आ रही है. कान में रुई डालके बैठे."